माळवद उतरलं, स्लॅब चढला

मराठवाड्यातल्या खेड्यात स्लॅबचा दिवस म्हणजे घरातलं एक कार्यच असतं. सकाळी सेंट्रिंगवरची सळयांची जाळी शेवटची तपासली जाते, मिक्सरपाशी नारळ फुटतो आणि घमेली चालू होतात. खडी, वाळू, सिमेंट, पाणी. एकदा हात घातला की दिवस मावळायच्या आत काम उरकावंच लागतं, कारण अर्ध्यात थांबलेला स्लॅब पुढे नेमका त्या जोडावर गळतो. संध्याकाळी गवंडी, बिगारी, भावकी, सगळ्यांची जेवणं होतात. दुसऱ्या दिवसापासून वर मातीची बुटकी आळी घालून त्यात पाणी तुंबवलं जातं आणि पुढचे आठ-पंधरा दिवस घरातलं कोणी ना कोणी सकाळ-संध्याकाळ ‘पाणी मारायला’ वर चढतं. पावसाळ्यात डोक्यावर गळणार नाही, दरवर्षी माती वाहायला नको, वर आणखी एक मजला चढवता येईल आणि पोराच्या सोयरिकीत घर ‘स्लॅबचं आहे’ असं सांगता येईल, एवढं सगळं त्या साडेचार इंचांत असतं.

इमारती आणि पर्यावरण यांविषयी बोलायचं म्हटलं की आपल्याकडे बहुधा हिंजवडीची किंवा बीकेसीची एखादी काचेची इमारत समोर येते. तळमजल्यावर भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र, गच्चीवर सौरपॅनेल आणि आत वर्षभर चालणारं वातानुकूलन. त्या इमारतींवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण देशातलं बहुतांश बांधकाम तसलं नसतं. ते असतं या साडेचार इंची स्लॅबसारखं. म्हणून मराठवाड्याच्या डोक्यावरचं छप्पर गेल्या तीसेक वर्षांत कसं बदललं, त्यात काय कमावलं आणि काय गमावलं, हे पाहणं जास्त उपयोगाचं. त्यातलं नुकसान कोणा एकाच्या मूर्खपणामुळे झालेलं नाही. जुनं छप्पर सोडायला लोकांकडे भक्कम कारण होतं. नवं निवडायलाही होतं.

जुनं छप्पर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट, कधी त्याहून रुंद दगडी भिंती. त्यांवर किंवा लाकडी खांबांवर टाकलेल्या तुळया. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. हे झालं कडीपाट. पाटांवर पाल्याचा, काटक्यांचा थर आणि त्यावर माती. सर्वांत वरचा थर पांढऱ्या मातीचा. ही माती गावच्या जुन्या पांढरीतून, पडक्या गढीतून आणायची आणि चोपण्याने चोपून घट्ट बसवायची, म्हणजे पावसाचं पाणी आत न मुरता पन्हाळीतून गल्लीत पडतं. उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी मधे एक साणं ठेवलेलं असे, पावसात त्यावर झाकण पडे. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत ते माळवदावर आणि रात्री घरातली निम्मी माणसं झोपत तीही तिथेच.

मे महिन्यात बाहेर ४३ अंश तापमान असताना माळवदाच्या घरात शिरल्यावर जो गारवा लागतो, तो मातीच्या वजनाचा आणि जाडीचा परिणाम आहे. उष्णतेला दीड-दोन फूट मातीतून खाली उतरायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो. दुपारी दोनला छप्पर तापलं तरी ती ऊब खोलीपर्यंत पोहोचते ती रात्री उशिरा, तीही बरीच क्षीण होऊन. तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. दिवसा कडक ऊन आणि रात्री उतरलेलं तापमान अशा कोरड्या दख्खनी हवामानाला ही रचना चपखल बसते. कोकणात ती कुचकामी ठरली असती. तिथे चार महिने कोसळणाऱ्या पावसाला उतरतं कौलारू छप्परच हवं.

माळवदात एक दोष मात्र हळूहळू वाढत जाई. गळती लागली की उपाय ठरलेला होता: मृगाच्या आधी वर आणखी माती टाकायची. जुनी माती खरवडून काढायचे कष्ट कोण घेणार? आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलानेही टाकली. अशी वर्षं गेली की फूटभराचं माळवद दोन फुटांवर जाई. दोन फूट चोपलेली माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास एक टन. दहा बाय दहाच्या साध्या खोलीवर नऊ-दहा टन! खाली झोपलेल्याला त्याचा गारवा जाणवायचा, वजन जाणवायचं नाही.

ते जाणवलं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद सीमेवरच्या किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जगाच्या हिशेबात ही तीव्रता मध्यम म्हणावी अशी. जपानमध्ये असे धक्के बसतात आणि लोक दुसऱ्या दिवशी कामाला जातात. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. तोवर हा प्रदेश देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोयनेसारखी भूकंपाची सवय या भागाला नव्हती आणि घरं बांधताना कोणी त्याचा विचारही केलेला नव्हता.

घरं पडली कशी, हे नंतर अभियंत्यांनी बारकाईने पाहिलं. दोष फक्त माळवदाच्या वजनाचा नव्हता, भिंतीचाही होता. बाहेरून एकसंध दिसणारी अडीच फुटी भिंत खरं तर दोन भिंतींची असते: बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा आणि मधे दगडाच्या कपच्या व चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड ठिकठिकाणी घातला तर भिंत एकजीव होते. पण असा लांब दगड घडवायला वेळ लागतो, मजुरी लागते. किल्लारी परिसरातल्या बहुतेक भिंतींत तो नव्हता. दगडही बरेचसे गोटे, म्हणजे एकमेकांवर नीट न बसणारे. जमीन हलली तशी मधली माती सुटली, भिंतींना पोट सुटलं, दोन थर दोन बाजूंना कोसळले आणि त्यांवर नुसत्याच टेकलेल्या कड्या टनावारी मातीसकट खाली आल्या.

त्याच गावांत काही घरं मात्र वेगळी वागली. आपल्याकडे जुनं घर खणांनी, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेने मोजायची रीत आहे: तीन खणांचं, पाच खणांचं. ज्या घरांत भिंतीच्या आत लाकडी खांब उभे होते आणि छपराचं ओझं त्या खांबांवर होतं, तिथे कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा छप्पर पेलून उभा राहिला. गावाच्या कडेच्या कुडाच्या झोपड्याही वाचल्या, त्यांत पडण्यासारखं वजनच नव्हतं. म्हणजे एकाच गल्लीत मारणारं घर होतं आणि तारणारंही, आणि दोन्ही ‘पारंपरिक’च होती. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि तिला मोडीत काढणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण ज्याने आपली माणसं दगडाखालून काढली, त्याला हे कोण समजावणार? वाचलेल्यांना दगडाच्या भिंतीत झोप येईना. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिली. जागतिक बँकेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंट-काँक्रीटची घरं. जिथे गाव हलवलं नाही, तिथल्या लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. या दुसऱ्या कामाची चर्चा फार कमी झाली, आणि वास्तुरचनेच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं होतं.

कारण त्यात जुनं घर न पाडता सुरक्षित करण्याचे उपाय होते. माळवदावरची पिढ्यान्‌पिढ्यांची माती काढून थर आठ-नऊ इंचांवर आणायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे राहून गेलेला आरपार दगड मागाहून बसवायचा. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराभोवती सलग पट्टा बांधायचा. हा पट्टा भिंतीला पोत्याला आवळलेल्या दोरीसारखा धरून ठेवतो, जमीन हलली तरी चारही भिंती एकत्र हलतात, एकमेकींपासून फाटत नाहीत. एवढ्याला सिमेंट लागतं थोडंच. दगड, लाकूड, माती तीच राहते आणि गारवाही बराचसा राहतो. गावागावांतल्या लोकांच्या मनात मात्र एकच समीकरण पक्कं बसलं: दगड म्हणजे मरण, स्लॅब म्हणजे सुरक्षा. ते पूर्ण चूक नव्हतं. साडेचार इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दोन फुटी माळवदाच्या जेमतेम चौथा हिस्सा. नीट कॉलम-बीम घालून, सळई जागच्या जागी बांधून केलेलं घर निश्चितच जास्त सुरक्षित असतं. ‘नीट’ या शब्दावर पुष्कळ काही अवलंबून आहे, पण तो वेगळा विषय.

या सुरक्षिततेची किंमत रोज रात्री मोजावी लागते. काँक्रीटचा पातळ थर तापायला तीन-चार तास पुरतात. दुपारभर डोक्यावर तापलेला स्लॅब संध्याकाळी सहाला आपली उष्णता खाली सोडू लागतो, नेमका माणसं शेतातून घरी परततात त्या वेळी. रात्री दहाला अंगणात वारा गार असतो आणि घरात पंखा गरम हवा फिरवत असतो. कुलर येतो, त्याला पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने ज्या लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं, तिथली ही गोष्ट. ज्याला जमतं तो पुढे एसी बसवतो.

हे अंदाजपंचे बोलणं वाटू नये म्हणून एक मोजमाप पाहू. केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छपरातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा तीत घातली आहे: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून त्याच्या तिप्पट उष्णता येते. म्हणजे सरकारच्याच कसोटीत राज्यातली बहुतेक स्लॅबची घरं सपशेल नापास होतात. पण ती परीक्षेला बसतच नाहीत. ही संहिता आहे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. घरकुलाच्या वाट्याला ती येतच नाही.

उष्णतेची बाब गंभीर किती, हे अहमदाबादने २०१० मध्ये अनुभवलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात शहरात नेहमीच्या सरासरीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून २०१३ मध्ये शहराचा उष्मा कृती आराखडा तयार झाला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. अहमदाबादने नंतर झोपडवस्त्यांतली छपरं पांढरी करण्याची मोहीम हाती घेतली. पांढरा रंग ऊन परत फेकतो, छप्पर कमी तापतं आणि आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. यात नवीन काही नाही. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवून केलेला चायना मोझॅक हेच काम करतो. आपण तो गळती थांबवण्यासाठी करतो, गारवा फुकट मिळतो. खेड्यात तोही परवडत नसेल तर चुन्याची सफेदी आहे, फक्त ती दर उन्हाळ्याच्या तोंडावर करावी लागते.

स्लॅबने राहताना काय घेतलं ते झालं. तो तयार होतानाच काय घेतो, ते पाहायला चंद्रपूर जिल्ह्यात जावं लागेल.

गडचांदूर, आवारपूर हा राज्यातला सिमेंटचा पट्टा. जमिनीत चुनखडी, शेजारी कोळसा. कारखाने इथे आले नसते तरच नवल. चुनखडी आणि चिकणमाती दळून फिरत्या भट्टीत सुमारे १,४५० अंशांवर भाजली की क्लिंकरचे गोळे मिळतात, तेच दळून सिमेंट होतं. भट्टीला लागणाऱ्या कोळशाचा धूर कोणालाही कळतो. पण सिमेंटच्या प्रदूषणाचा मोठा हिस्सा त्या धुरात नाहीच, तो दगडातच दडलेला आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बनून हवेत जातात. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो चुकत नाहीत. त्यामुळे वीज स्वच्छ करणं जितकं सरळ आहे, तितकं सिमेंट स्वच्छ करणं नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. चीनच्या खालोखाल सिमेंट बनवतो तो भारत, वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त.

वाळूची कथा तर मराठी माणसाला वर्तमानपत्रांमुळे पाठच आहे. मांजरा, तेरणा, गोदावरी यांची पात्रं उपसून झाली, घाटांचे लिलाव झाले, न झालेल्या लिलावांची वाळूही रातोरात ट्रॅक्टरने गेली आणि ती अडवणाऱ्या तलाठ्या-तहसीलदारांवर हल्ले झाले. नदीतली वाळू म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारी गाळणी. ती गेली की काठच्या विहिरींची पातळी उतरते. मग ज्या गावाने वाळू विकली, त्याच गावात स्लॅबवर मारायचं पाणी टँकरने येतं. आता खडी दळून केलेली क्रश सँड सर्रास वापरली जाते, हे त्यातल्या त्यात बरं. डोंगर तोडून नदी वाचते, इतकंच.

‘मग जुनंच बरं होतं,’ असं म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरावा. माळवद सगळीकडे परत आणायचं तर सागवान, बाभूळ, लिंब यांच्या तुळया आणायच्या कुठून? जंगल तोडून बांधलेलं गार घर काही पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. ‘स्थानिक साहित्य’ हा परवलीचा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. कोकणातला चिरा घ्या. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, तासून हवा तसा कापता येतो आणि हवेत राहून टणक होतो. भाजायला लागत नाही, भिंतीला गिलावा नसला तरी चालतो, घर थंड राहतं. पर्यावरणाच्या पुस्तकात आदर्श म्हणून छापावा असा दगड. पण तो निघतो सड्यांवरून. हे सडे उन्हाळ्यात उजाड दिसतात म्हणून त्यांना पडीक म्हणायची पद्धत आहे. पावसाळ्यात त्यांवर सीतेची आसवं, गेंद अशा वनस्पतींची गर्दी उसळते. त्यांतल्या काही फक्त इथेच सापडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं त्याच जांभ्यावर कोरलेली आहेत. हाताने चिरे काढले जात तोवर खाणीचा वेग माणसाच्या दमाएवढा होता. यंत्राची करवत आली तशी खाण सड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते आणि मागे राहतात पावसाळ्यात पाण्याने भरणारे चौकोनी खड्डे.

तेव्हा प्रश्न जुनं की नवं हा नाही. कुठल्या पदार्थाकडून कुठे आणि किती काम घ्यायचं, हा आहे. तो प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला ते लॉरी बेकर. १९१७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले हे वास्तुरचनाकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून मायदेशी परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत अडकले. तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हे गांधीजींचं मत बेकरांच्या मनात घर करून राहिलं. सेवाग्रामची बापू कुटी त्याच विचाराने उभी आहे: माती, बांबू, कौलं. बेकर पुढे भारतातच राहिले, आधी हिमालयात पिथोरागडजवळ आणि नंतर केरळात. तिरुवनंतपुरममधलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार ही त्यांची गाजलेली रचना. २००७ मध्ये ते वारले.

बेकरांनी स्लॅब नाकारला नाही, त्याच्या पोटातलं निरुपयोगी काँक्रीट तेवढं काढून घेतलं. स्लॅबवर भार आला की तो किंचित वाकतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण मात्र त्याला झेपत नाही. खालचा ताण घेते ती सळई. म्हणजे सळयांच्या मधल्या चौकोनांत खालच्या बाजूला जे काँक्रीट असतं, ते नुसतं ओझं. मग तिथे काँक्रीट ओतण्याआधी दोन मंगलोरी कौलं एकमेकांवर उपडी ठेवली तर? हा फिलर स्लॅब. सेंट्रिंगवर सळयांचे चौकोन कौलाच्या मापाने आखायचे, प्रत्येकात कौलांची जोडी ठेवायची, ती आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर काँक्रीटचं पाणी पिऊन टाकते, आणि वरून नेहमीसारखा माल ओतायचा. काँक्रीट पाचव्या-चौथ्या हिश्शाने वाचतं, स्लॅब हलका होतो, दोन कौलांमधली हवा उष्णतेला थोडा अडसर घालते आणि खालून पाहिलं तर छताला कौलांची नक्षी मिळते. भिंतीतही त्यांनी असंच केलं. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी ‘रॅट-ट्रॅप’ रचना त्यांनी लोकप्रिय केली. तिच्यात सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतली हवा भिंत गार ठेवते.

आपल्याकडे वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने आणखी वेगळी वाट धरली. कुंभाराच्या चाकावर घडवलेली, एकीच्या तोंडात दुसरीचं टोक बसेल अशी शंकूच्या आकाराची कौलं आणि ती ओळीने गुंफून उभं केलेलं कमानीचं छत. कमानीत सगळा भार दाबातच वाहतो, त्यामुळे सळई लागत नाही, तुळईही लागत नाही. शिवाय पोकळ मातीच्या शंकूंमधली हवा छप्पर तापू देत नाही आणि मजुरीचा पैसा गावच्या कुंभाराला मिळतो. अडचणीही आहेत. कमानीवर मजला चढवता येत नाही, गच्चीवर ज्वारी वाळवता येत नाही. मराठवाड्यातल्या घरमालकाला सपाट छप्परच का हवं असतं, हे ज्याला कळत नाही त्याने कमानी विकायला जाऊ नये.

भूकंपाचा प्रश्नही मातीच्या बाजूने सुटू शकतो, हे कच्छने दाखवलं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजमधली काँक्रीटची घरंही पडली, पण बन्नी भागातली मातीची गोल घरं, म्हणजे ‘भुंगे’, मोठ्या संख्येने उभी राहिली. गोल भिंतीला कोपरा नसतो आणि भिंती फाटायला सुरुवात होते ती कोपऱ्यात. नंतर भुजच्या हुन्नरशाला या संस्थेने स्थानिक कारागिरांना बरोबर घेऊन मातीच्या बांधकामाला अभियांत्रिकीची जोड दिली. काश्मीरची ‘धज्जी देवारी’ म्हणजे लाकडी चौकटीत दगड-विटांचे तुकडे भरून केलेली भिंत. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या पुनर्बांधणी यंत्रणेने ती अधिकृत पद्धत म्हणून मान्य केली. किल्लारीतल्या खणांच्या घरांची ही दूरची भावंडंच. फरक असा की तिथे कोणीतरी नियमपुस्तिकेत त्यांना जागा दिली.

सिमेंटलाही बदलता येतं. आपल्या बाजारातल्या बहुतेक सिमेंटमध्ये आजही औष्णिक केंद्रांची राख मिसळलेली असते. परळीसारख्या केंद्रांच्या राखेच्या विटाही होतात, म्हणजे शेताची वरची सुपीक माती भट्टीत जाण्यापासून वाचते. पण कोळशाची वीज जसजशी कमी होत जाईल तशी राखही कमी होईल. म्हणून आता लक्ष आहे ‘एलसी३’ या सिमेंटवर. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांबरोबर दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटी या कामात आहेत. यात क्लिंकर निम्मंच. उरलेल्या निम्म्यात मुख्यतः भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली, नुसती दळलेली चुनखडी. चिकणमाती भाजायला ७०० ते ८५० अंश पुरतात आणि तिच्यातून निघते ती वाफ, कार्बन नव्हे. न भाजलेल्या चुनखडीतले ते ४४ किलो दगडातच राहतात. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. झाशीला या सिमेंटचं नमुना घर बांधून झालं, २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं मानकही आलं. मात्र हे सिमेंट अजून गावच्या दुकानात गोणीने मिळत नाही.

हे पर्याय खेड्यातल्या घरापर्यंत पोहोचायचे तर सरकारी घरकुलांकडे पाहावं लागेल. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. या योजनेसाठी ‘पहल’ नावाचा जाडजूड संग्रह २०१६ च्या सुमारास निघाला. राज्याराज्यांतल्या हवामानाला आणि साहित्याला साजेशा घरांचे नकाशे त्यात आहेत, माती, बांबू, दगड सगळं सुरक्षिततेच्या उपायांसह. योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षणही आहे, तेही प्रत्यक्ष घर बांधता बांधता. कागदावर सगळं तयार आहे. पण ‘पक्कं घर’ म्हटलं की लाभार्थ्याच्या, गवंड्याच्या आणि हप्ता सोडणाऱ्याच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, आणि हप्ता अडकण्याची भीती असलेला माणूस प्रयोग करत नाही. तो का करेल?

म्हणून सुरुवात त्या चित्राच्या आतूनच केलेली बरी. २५ चौरस मीटरच्या स्लॅबला सुमारे तीन घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे वीसेक गोणी सिमेंट. कौलं घालून फिलर स्लॅब केला तर त्यातल्या चारेक गोण्या वाचतात. हातात कौल धरून सेंट्रिंगवर बसणारा गवंडी तोच, घरही दिसायला स्लॅबचंच, सोयरिकीत सांगायला काही अडचण नाही. केंद्राने २०२४ मध्ये या योजनेत आणखी दोन कोटी घरं मंजूर केली. सगळ्यांवर स्लॅब पडणार नाही, कित्येकांवर पत्रा येईल. निम्म्यांवर पडला आणि त्यात कौलं बसली, तरी चार कोटी गोण्या, म्हणजे वीस लाख टन सिमेंट कमी लागेल.